पुस्तक बाइंडिंगला गेलेलं नाही

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

सप्रेम नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. आमच्या मराठी मंडळाचं एक लहानसं वाचनालय आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचे दोन तास मी ते सांभाळते. पगार नाही, हौस आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका कादंबरीच्या १४३व्या पानाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. 'आपल्या संतांची टिंगल करणारं पुस्तक आपल्याच वाचनालयात' असं खाली लिहिलं होतं. लिहिणारे आप्पा. माझ्या वडिलांचे जिवलग मित्र, मंडळाचे जुने विश्वस्त. लहानपणी मला पुस्तकांची गोडी लावली ती त्यांनीच. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला, 'वाद नको, पुस्तक तूर्त बाजूला ठेवा.' मी ते आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मागच्या आठवड्यात कॉलेजातला एक मुलगा तेच पुस्तक मागायला आला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, 'बाइंडिंगला गेलंय.'

कादंबरी मी पूर्ण वाचली आहे. मला ती फारशी आवडली नाही. पण ते वाक्य एका लबाड सावकाराच्या तोंडी आहे आणि पुढे त्याचं पितळ उघडं पडतं. आप्पांनी ती वाचलेली नाही, ते तसं कबूलही करतात. माझी मुलगी फाइन आर्ट्सला शिकते. ती म्हणते, 'आई, तू सेन्सॉर बोर्ड झालीस.' तेव्हापासून झोप नीट लागत नाही. मी पुस्तक काढलं हे चुकलं का? आप्पांना तोंड कसं देऊ? आणि उद्या कुणी पोलिसांत गेलं तर ते माझ्यावर येईल का? पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे.

— एक ग्रंथसेविका, बडोदे

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. हो, पुस्तक कुलपात गेलं हे चुकलं. त्यातला तुमचा वाटा मात्र मुलगी म्हणते तेवढा मोठा नाही, आणि अध्यक्षांचा वाटा तुम्ही समजता त्याहून बराच मोठा आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय ते 'बाइंडिंगला गेलंय' हे वाक्य, हे पत्रावरून कळतं. त्या ओळीखाली तुम्ही रेघ मारली आहे. टोचतंय ते योग्यच आहे. तो मुलगा घरी गेला तो आठ-पंधरा दिवसांनी पुस्तक मिळेल असं धरून. कुणाचा आक्षेप आहे, कशावर आहे, त्यावर आपल्यालाही काही म्हणता येईल का, यातलं काहीच त्याच्या कानावर गेलं नाही. आता तुमच्या नोंदी बघा. दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक आहे. देवघेवीत ते कुणाच्या नावावर नाही. निर्लेखनाच्या, म्हणजे रीतसर काढून टाकलेल्या पुस्तकांच्या, यादीत नाही. आणि कपाटात दिसतही नाही. दोन वर्षांनी तुमच्या जागी दुसरं कुणी आलं, मोजणी झाली, आणि तोवर ते आतल्या कपाटातूनही इकडेतिकडे झालं असेल, तर 'गहाळ' एवढा एक शब्द त्याच्यापुढे लिहिला जाईल. गावोगावच्या लहान वाचनालयांतून नकोशी पुस्तकं अशीच जातात. त्यांची होळी होत नाही, मोर्चे निघत नाहीत, वर्तमानपत्रात ओळ येत नाही. एक फोन येतो, एक किल्ली फिरते, आणि कुठल्याही कागदावर कुणाचीही सही नसते.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे: ज्याला पुस्तक नको आहे त्याच्याकडून कारण लेखी घ्या, सहीसकट. बाकी जे सांगणार आहे ते याच्याच आधाराने.

दहा-बारा कपाटांच्या वाचनालयात हा कागदपत्रांचा थाट कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या सरकारच्या हाताशी पोलीस आहेत त्या सरकारलासुद्धा कायदा हेच सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९५वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९८वं कलम आहे. राज्य सरकारला एखादं पुस्तक जप्त करायचं असेल तर अधिसूचना काढावी लागते आणि आपलं मत कशावरून झालं ती कारणं तिच्यात द्यावी लागतात. ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे असा कुणीही दोन महिन्यांच्या आत हायकोर्टात जाऊ शकतो, आणि तिथे तीन न्यायाधीशांचं खास पीठ ते प्रकरण ऐकतं. एकट्यादुकट्या माणसाच्या रागालोभावर हे सोपवायचं नाही, एवढी काळजी कायद्याने घेतली आहे.

याचा अनुभव आपल्या गुजरातनेच घेतला आहे. २००९च्या ऑगस्टमध्ये जसवंतसिंह यांचं जिनांवरचं पुस्तक आलं. सरदार पटेलांची अवहेलना केली आहे असं म्हणून राज्य सरकारने प्रकाशनानंतर दोन दिवसांत त्याच्यावर बंदी घातली. एवढं जाडजूड पुस्तक दोन दिवसांत सरकारदरबारी कुणी पूर्ण वाचलं असेल? लोक हायकोर्टात गेले आणि ४ सप्टेंबरला बंदी रद्द झाली. पुस्तकात नेमकं काय आहे आणि त्यातून कायद्यात बसेल असं काय बिघडतं, हे अधिसूचनेतून दिसतच नव्हतं. सरदारांविषयी आदर नसलेला माणूस गुजरातेत शोधून सापडणार नाही; तरीही कोर्टाने कारण मागितलं.

पुण्याची गोष्ट तुमच्या वाचनालयातल्या सगळ्यांना आठवत असेल. छत्रपती शिवाजी महाराजांवरच्या एका इंग्रजी पुस्तकातल्या मजकुरावरून ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेत तोडफोड झाली. पुस्तक संस्थेने लिहिलेलं नव्हतं, छापलेलंही नव्हतं. तिथल्या काही अभ्यासकांनी लेखकाला मदत केली होती, एवढाच संबंध. तिथे हस्तलिखितांची जी नासधूस झाली ती कुठल्याच निकालाने भरून येणारी नाही. पुढे सरकारने पुस्तक जप्त केलं, मुंबई हायकोर्टाने २००७ साली ती जप्ती उठवली आणि २०१०च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने तोच निकाल कायम ठेवला. कोणकोणत्या गटांत वैर पसरेल हे सरकारच्या अधिसूचनेत सांगितलेलंच नव्हतं. त्या पुस्तकातला तो मजकूर मलाही वाईट वाटला होता, आजही वाटतो. तरी निकाल बरोबर होता असंच माझं मत आहे.

आणि कारण तर सोडाच, कागदच नसला तर काय होतं? सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीची आयात ऑक्टोबर १९८८मध्ये कस्टम्सच्या अधिसूचनेने बंद झाली. पुढे एका वाचकाने ती अधिसूचना मागितली. कुठल्याच खात्याला ती दाखवता आली नाही, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरावं लागेल. छत्तीस वर्षं सगळा देश एका सापडत नसलेल्या कागदाच्या धाकात होता. तुमच्या अध्यक्षांच्या फोनचा तर कागदही कधी नव्हता.

आता करायचं काय ते सांगते. बैठकीची वाट न बघता अध्यक्षांना एक पत्र लिहा, प्रत सचिवांना. त्यात एवढंच: अमुक तारखेला आपण फोनवर सांगितल्यावरून अमुक दाखल क्रमांकाचं पुस्तक मी देवघेवीतून बाजूला ठेवलं आहे, याबाबत लेखी आक्षेप किंवा समितीचा ठराव माझ्याकडे नाही, तो नसल्यामुळे अमुक तारखेपासून पुस्तक पुन्हा देवघेवीत ठेवत आहे. त्यांना आठ दिवसांची मुदत द्या. भाषा साधी ठेवा, रागाचा शब्द नको. पुष्कळदा एवढ्यावरच प्रकरण मिटतं, कारण 'बाजूला ठेवा' हे फोनवर म्हणणं सोपं असतं आणि सही करून लिहिणं जड जातं.

बैठकीत मात्र एक नियम करून घ्या, या पुस्तकापुरता नव्हे, कायमचा. आक्षेपासाठी एक पानभर नमुना असावा. वर्गणीदाराचं नाव आणि सही. पुस्तक पूर्ण वाचलं आहे का. कुठल्या पानावर, कोणाच्या तोंडच्या मजकुराला हरकत आहे. ते पुस्तक वाचनालयात राहिलं तर नेमकं काय बिघडेल असं वाटतं. पुस्तक पूर्ण वाचलेलं नसेल तर अर्ज परत द्यायचा आणि सोबत पुस्तकही द्यायचं. वाचलेलं असेल तर समितीतले तिघे ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतील आणि आपलं मत प्रत्येकी लिहून देतील. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटात आपल्या जागी राहील आणि मागेल त्याला मिळेल. ही शेवटची अट कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. 'निर्णय होईपर्यंत बाजूला' हेच तर आज तुमच्याकडे चाललंय, आणि त्या निर्णयाला कुणी हातच लावत नाही.

आता आप्पा. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा अवघड प्रश्न हाच. पोटतिडकीने बोलणाऱ्या, वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं, आणि तेही ज्याने आपल्याला वाचायला शिकवलं त्याला.

ग्रुपवर काही लिहू नका. एक अक्षरही नाही. पुस्तक पिशवीत घाला आणि त्यांच्या सोयीच्या वेळी घरी जा. आधी त्यांचं सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. त्यांना खरंच लागलेलं आहे. पंढरीच्या वाटेवर ज्यांच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांना असं वाक्य मोबाईलवर एकटं-सुटं वाचून चटका बसणारच. 'तुम्हाला उगीच राग आला' असं चुकूनही म्हणू नका. आपली मुलं-मुली हीच चूक करतात. समोरच्याचं दुखणं खोटं ठरवलं की वाद जिंकला असं त्यांना वाटतं, आणि माणूस मात्र कायमचा हातचा जातो.

मग पुस्तक उघडा आणि १४२वं पान वाचून दाखवा. १४३वं वाचा. वाक्य कोण बोलतंय ते त्यांनाच विचारा. सावकार. कुणाशी बोलतोय? ज्याची जमीन गिळायची आहे त्याच्याशी, त्याची श्रद्धा डळमळावी म्हणून. पुढे त्याचं काय होतं ते सांगू नका. 'आप्पा, पुढचं तुम्ही वाचा, मग आपण बोलू,' म्हणा आणि पुस्तक त्यांच्याकडे ठेवून या, रीतसर त्यांच्या नावावर नोंदवून. वाचनालयाचं पुस्तक वाचनालयाच्या वर्गणीदाराकडे गेलं, एवढी नोंद तरी खरी होईल. त्या कॉलेजच्या मुलाचं नाव त्यांच्यामागे मागणीच्या वहीत घाला आणि त्याला सरळ सांगा की पुस्तक बाइंडिंगला गेलेलं नव्हतं.

आप्पा वाचतील का? ज्याने लहानपणी तुमच्या हातात पुस्तकं दिली तो माणूस समोर ठेवलेलं पुस्तक न उघडता परत करील, असं मला वाटत नाही. वाचूनही त्यांचं मत तेच राहिलं तर तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा त्यांना तो नमुना द्या, आणि त्याबरोबर आणखी एक द्या: मंडळाच्या वार्षिक अंकात या कादंबरीवर हवं तेवढं कडक लिहायला दोन-तीन पानं. हवं तर एका संध्याकाळी वाचनालयात त्यांचं बोलणं ठेवा, समोर तुमच्या लेकीच्या वयाची चार मुलं बसवा. पुस्तक वाईट आहे असं म्हणणं हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे आणि तिचाही मान राखला पाहिजे. फक्त आप्पांनी स्वतः न वाचण्याचा निर्णय घ्यावा. त्या मुलाच्या वतीने तो घेऊ नये.

संतांचा मान हा त्यांचा मुद्दा आहे, तर संतांचीच गोष्ट त्यांना आठवून द्या. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवायला लावले, असं आपली परंपराच सांगते. वेदांचा अर्थ शूद्राने मराठीत सांगायचा हा तेव्हाचा आक्षेप, आणि तो घेणारेही आपापल्या परीने धर्माची काळजी वाहणारेच होते. त्याच परंपरेत पुढचंही सांगितलेलं आहे: आक्षेप घेणारे वाघोलीचे रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. आपल्या लोकांनी ही गोष्ट सांगताना रामेश्वर भट्टांना खलनायक करून सोडून दिलं नाही, त्यांना परत यायला वाट ठेवली. आप्पांनाही ती हवी. उद्या त्यांचं मत बदललं तर ते ग्रुपवर कबूल करायला लावू नका.

आप्पा आणखी दोन गोष्टी म्हणतील. एक, 'मुलं वाचतील.' मुलांसाठी वेगळं कपाट ठेवा, वयाप्रमाणे पुस्तकं लावा, पालकांनी सांगितलं तर लहान मुलाच्या नावावर मोठ्यांचं पुस्तक देऊ नका. मुलांची जबाबदारी त्यांच्या आईबापांची, आणि त्यांना तेवढी मदत वाचनालयाने करावी. पण मुलांच्या नावाखाली साठीतल्या माणसांचं कपाट रिकामं करायचं, हे कबूल करण्यासारखं नाही.

दुसरं, 'मंडळाचा पैसा, मंडळाचं पुस्तक, मग मंडळाने ठरवायला नको का?' हा मुद्दा वजनदार आहे. वाचनालयाला निवड करावीच लागते. पैसे थोडे, भिंती थोड्या. पण पुस्तक घेताना आपण विचारतो, हे कुणाला हवं असेल? काढताना 'हे कुणाला नको आहे?' असं विचारू लागलो, तर दहा वर्षांत एकही कपाट भरलेलं राहणार नाही. कुणाला दलित आत्मकथनातली भाषा नको असते, कुणाला जुन्या नाटकातली बाई, कुणाला सावरकर, कुणाला गांधी. पान फाटलं, वाळवी लागली, दहा वर्षांत कुणी हात लावला नाही, दुसरी चांगली प्रत आली, अशा कारणांनी निर्लेखन जरूर करा, यादी करून, ठरावाने. आणि तुम्हाला स्वतःला कादंबरी आवडली नाही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आवडत्या पुस्तकासाठी भांडणं काय, कुणीही भांडेल.

शिवाय हे बडोदं आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि वाचायला शिकलेल्याला वाचायला मिळालंच पाहिजे म्हणून १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं केलं. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशीवरून कधी चालला असाल, तर ज्या माणसाने ते बांधलं त्याला वाचकाविषयी केवढा विश्वास वाटत होता हे लक्षात येतं. याच महाराजांनी १९१३ साली ज्या तरुणाला परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली, त्या डॉ. आंबेडकरांनी १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडली. संततिनियमन आणि लैंगिक प्रश्नांवर वाचकांना खरी उत्तरं देणं, हा कर्व्यांचा गुन्हा. खटला हरले. मासिक मात्र १९५३ साली कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं. आज त्यातला मजकूर वाचून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत, आणि तेव्हा तो वाचायला मिळाल्यामुळे कितीतरी संसार वाचले असतील.

मुलीच्या 'सेन्सॉर बोर्डा'विषयीही एक सांगते, तिला वाचून दाखवा. आपल्याकडे सिनेमाला दाखवण्याआधी प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात नाटकाची संहिताही आधी तपासून घ्यावी लागते. पुस्तकाला कुणाचीही आगाऊ परवानगी लागत नाही. आक्षेप घ्यायचा तो छापून आल्यावर, आणि तोही कायद्याच्या वाटेने. तेव्हा तुम्ही सेन्सॉर बोर्ड झाला नाहीत. सेन्सॉर बोर्ड निदान काय कापलं ते कागदावर तरी देतं. तिची चीड मात्र मला समजते. ती शिकते त्याच फॅकल्टीत २००७च्या मे महिन्यात एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी लावलेल्या चित्रांवरून बाहेरची माणसं आत शिरली, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्रभारी डीनना निलंबित केलं गेलं. चित्रं जाहीर प्रदर्शनातली नव्हती, परीक्षकांनी गुण द्यायला म्हणून लावलेली होती. तिथल्या मुलांच्या कानावर ही गोष्ट आजही असणार. घरात तिच्या आईनेच कपाटाला कुलूप लावलेलं बघून तिला काय वाटलं असेल, याचा विचार करा आणि तिच्याशी भांडू नका.

आता पोलिसांचं. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, पूर्वीचं २९५अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याला लागतं. गटागटांत वैर पसरवण्याचं कलम, पूर्वीचं १५३अ, आता १९६ झालं आहे. दोन्हींत कोर्टाने खटल्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. बाजारात उघड मिळणारी, कुठेही बंदी नसलेली कादंबरी वर्गणीदाराला वाचायला दिली, यात तुमचा दुष्ट हेतू कोण आणि कसा दाखवणार? तुमच्यावर काही येईल असं मला वाटत नाही.

पण खोटा धीर देणार नाही. आपल्याकडे निकालापेक्षा खटल्याचाच जाच मोठा असतो. १९९४ साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात वसंत गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापून आली. अश्लीलतेचं ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल लागला २०१५ साली. छापणाऱ्या संपादकाने आधीच माफी मागितली होती, तो सुटला. कवीवरचा खटला चालू ठेवायला कोर्टाने सांगितलं. एका कवितेपायी वीसहून अधिक वर्षं. म्हणून सावधगिरी बाळगाच. तोंडी धमकी आली तर तारीख-वेळ लिहून ठेवा. वाचनालयात चार माणसं घुसली तर पुस्तकासाठी अंगावर वार झेलू नका, दार बंद करा, पोलिसांना फोन करा. तक्रार तुम्ही करायची. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर एकटीने जाऊ नका, मंडळाचा पदाधिकारी आणि वकील बरोबर हवा. आणि इथेही तो कागद तुमच्या बाजूने उभा राहतो: समितीने तीन जणांकडून पुस्तक वाचून घेतलं, लेखी मत घेतलं, ठराव केला, असं दाखवता आलं तर निर्णय संस्थेचा आहे हे स्पष्ट राहतं आणि सगळा भार एकट्या बाईच्या डोक्यावर येत नाही.

समितीने बहुमताने पुस्तक काढायचंच ठरवलं तर? तसं होऊ शकतं. मग ठराव इतिवृत्तात कारणासकट लिहायला लावा, कोण बाजूने आणि कोण विरोधात हेही लिहायला लावा, आणि तुमचं विरोधी मत चार ओळींत खाली जोडा. पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका; दुसऱ्या वाचनालयाला भेट द्यायचा ठराव करून घ्या. राजीनामा देऊ नका. तुमच्या पत्राच्या शेवटी तो विचार डोकावतोय म्हणून सांगते. तुम्ही गेलात तर किल्ली अशा कुणाकडे जाईल ज्याला 'बाइंडिंगला गेलंय' म्हणताना काहीच वाटणार नाही.

अध्यक्षांचं पत्र आधी पाठवा, आप्पांकडे त्यानंतर दोन-तीन दिवसांत जा. पत्राची बातमी त्यांना दुसऱ्याकडून कळली तर उगीच मन दुखावेल, म्हणून गेल्यावर तुम्हीच सांगा. आक्षेपाच्या नमुन्याचा मसुदा तुमच्या हाताने करा, मुलीलाही बरोबर बसवा. झाला की सदराच्या पत्त्यावर पाठवा. बैठकीच्या आधी पाहून परत पाठवते.